आटलेला परस आणि गांडुळांची पेटी

मराठीत 'गांडूळ' हा शब्द आपण बहुतेक वेळा शिवीसारखाच वापरतो. कणा नसलेला माणूस म्हणजे गांडूळ, दोन्हीकडून बोलणारा म्हणजे दुतोंडी गांडूळ! शाळेत 'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे' या वाक्याला मार्क मिळायचे, ते आपण सगळ्यांनी घेतले आणि वाक्य विसरून गेलो. त्यामुळे मी फोंड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मागच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली गांडुळं पाळली आहेत हे कचेरीत फुटलं तेव्हा किती थट्टा झाली असेल ते सांगायला नको.

थट्टा ओसरल्यावर चहाच्या टेबलावर दोन पक्ष पडले. एक म्हणाला, "यात नवं ते काय? आपल्या आज्या-पणज्या हेच करायच्या. आपली प्राचीन विद्या आहे ही." दुसरा म्हणाला, "कसली प्राचीन? अमेरिकेचं खूळ आहे, आपल्याकडे उशिरा पोचलं इतकंच." मी पडलो कला शाखेचा पदवीधर आणि धंद्याने कारकून. कुठलीही फाईल हातात आली की मागची पानं उलटून पहिलं टिपण कोणाचं, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तशीच ही गांडुळांची फाईलही उलटली. दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत आणि अर्धे चूक. मधली गोष्ट मात्र इंग्लंडमधल्या एका शेतातून निघून इंदूर, कणकवली आणि अमेरिकेतलं मिशिगन असा फेरा घेऊन आपल्या गॅलरीत येते.

आधी आज्या-पणज्यांचं पाहू. आमच्या गावच्या घरी परस मोठा होता. भांडी घासलेलं पाणी थेट माडाच्या आळ्यात जायचं. चुलीतली राख, केरातला पाला, भाताचा कोंडा, गोठ्यातलं शेण हे सगळं खताच्या खड्ड्यात. तारले स्वस्त झाले की तेही माडाच्या मुळाशी पुरायचे. पहिला पाऊस पडून गेला की आळ्यातली माती बारीक बारीक गोळ्यांनी भरून जायची. गांडुळांनी रात्रीतून वर आणून टाकलेली ती माती! आम्हा पोरांना त्याचं काय? आम्ही काठीने माती उकरून ती गांडुळं नारळाच्या करवंटीत गोळा करायचो आणि गरीला लावून ओहोळावर मासे पकडायला जायचो.

म्हणजे गांडूळ होतं, खत होतं, दोघांचा संबंधही होता. पण गांडूळ कोणी पाळत नव्हतं. ते आपणहून यायचं आणि आपणहून जायचं. 'प्राचीन विद्या' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की आज्यांकडे पेटी नव्हती, कारण त्यांना तिची गरजच नव्हती. त्यांच्याकडे परस होता.

या सामान्य जिवाकडे चिकाटीने पाहत बसलेला माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. उत्क्रांतीवाला डार्विन, तोच. १८३७ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने लंडनच्या भूगर्भशास्त्र सोसायटीपुढे गांडुळांवर एक निबंध वाचला. निमित्त घरगुती होतं. त्याच्या मामाने त्याला आपल्या शेतात नेऊन दाखवलं, की काही वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला चुना आणि कोळशाची राख आता जमिनीखाली काही इंचांवर गेली आहे. वरून कोणी माती टाकली नव्हती. मामाचं म्हणणं, हे काम गांडुळांचं.

डार्विनने हा धागा जन्मभर सोडला नाही. १८४२ साली त्याने आपल्या घराजवळच्या शेताच्या एका तुकड्यावर खडूचे तुकडे पसरवून ठेवले आणि मग वाट पाहिली... किती? एकोणतीस वर्षं! १८७१ मध्ये तिथे चर खणला, तेव्हा खडूची पांढरी रेघ सात इंच खाली सापडली. आमच्या खात्यात एखादी फाईल एकोणतीस वर्षं पडून राहिली तर चौकशी बसते. इथे त्या वाट पाहण्यातूनच विज्ञान निघालं.

म्हातारपणी त्याने गांडुळं कुंड्यांत घालून घरातच आणली. त्यांना ऐकू येतं का हे पाहायला मुलाने बसून वाजवला, बायकोने पियानो वाजवला, छोट्या नातवाने शिटी फुंकली. गांडुळं ढिम्म. पण कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवला तेव्हा मात्र ती झटकन बिळात गेली. म्हणजे त्यांना ऐकू येत नाही, हादरा कळतो. या सगळ्याचं पुस्तक १८८१ च्या ऑक्टोबरात निघालं आणि हातोहात हजारोंनी खपलं. त्यातला हिशेब असा, की चांगल्या जमिनीत दर वर्षी एकरी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. पुढच्याच वर्षी, १८८२ च्या एप्रिलमध्ये, डार्विन वारला. हे त्याचं शेवटचं पुस्तक.

आता फाईल येते हिंदुस्थानात, आणि तीही आपल्या मराठी मुलखाच्या शेजारच्या अंगणात, होळकरांच्या इंदुरात. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी शेती संशोधन संस्थेत रुजू झाले. शिकवायला आलेल्या या साहेबाने थोड्याच दिवसांत उलटा निष्कर्ष काढला, की इथला शेतकरी आणि पिकावर पडणारी कीड हेच आपले खरे प्राध्यापक. पीक निरोगी असेल तर कीड लागत नाही, आणि पीक निरोगी हवं तर जमीन सकस हवी. १९२४ ते १९३१ या काळात ते इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री'चे प्रमुख होते. होळकर दरबाराने संस्थेला तीनशे एकर जमीन दिली होती. मूळ काम कापसाचं. पण नाव झालं ते खताचं.

आपल्याकडे शेणाच्या गोवऱ्या होऊन जळतात, तेव्हा उरलेल्या थोड्या शेणात जास्त खत कसं करायचं, हा प्रश्न होता. उत्तर म्हणून पाचोळा, कापसाच्या पळकाट्या, तण, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, थोडी राख यांचे थर द्यायचे, पाणी आणि हवा राखायची, ढीग ठरावीक वेळाने उलटायचा. तीनेक महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार. हीच 'इंदूर पद्धत'. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत आजही इंदूरचं नाव येतं ते याच्यामुळे. हे सगळं हॉवर्ड यांनी १९३१ साली इंग्रजी पुस्तकात मांडलं. त्या पुस्तकावर लेखक म्हणून दोन नावं आहेत. दुसरं नाव यशवंत वाड. हे त्याच संस्थेत रसायनाचं काम पाहत. पुढे हॉवर्ड 'सर' झाले आणि त्यांची चरित्रं निघाली, वाडांचं नाव मात्र मुखपृष्ठावरच राहिलं. मी कारकून असल्यामुळे असेल, पण फाईल तयार करणाऱ्याचं नाव खाली राहून सहीवाल्याचं वर जातं तेव्हा मला थोडं लागतं. इंदूरच्या मराठी मंडळींनी तरी वाडांची आठवण ठेवावी.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. इंदूर पद्धतीच्या ढिगात गांडूळ नसतं. तो ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही. गांडूळ त्यात शिजून मरेल. ढीग थंडावल्यावर, खत शेतात गेल्यावर, तिथे गांडुळं येतात. हॉवर्ड यांना हे ठाऊक होतं. १९४५ साली डार्विनचं गांडुळांचं पुस्तक पुन्हा छापलं गेलं, तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली ती याच हॉवर्ड यांनी. इंग्लंडातलं शेत आणि इंदूरचा खड्डा असे एका पुस्तकात भेटले.

पण ढीग तापायला तो मोठा असावा लागतो, निदान कमरेएवढा उंच आणि तेवढाच रुंद. तीन माणसांच्या घरातली भाजीची सालं कितीही साठवली तरी तापत नाहीत, नुसती सडतात. ज्याला परस आहे त्याने ढीग घालावा. ज्याला नाही त्याने काय करावं, याचं उत्तर इंदूरकडे नव्हतं.

त्या उत्तराकडे जाण्यापूर्वी एक थांबा घ्यायलाच हवा, आणि तो आपल्या अगदी शेजारचा. वर मी परसाचं जे चित्र काढलं ते गोड आहे, पण पुरं नाही. 'पूर्वी कचराच नव्हता' असं आपण म्हणतो, तेव्हा जी घाण होती ती कोणाच्या हातांनी उचलली जायची हे सांगत नाही. खड्डा घरचा असला तरी त्यात उतरणारे हात बहुधा घरचे नसायचे. गावांत आणि विशेषतः शहरांत मैला, मेलेली ढोरं, गटारं यांची कामं काही जातींच्या माथी मारलेली होती.

अप्पासाहेब पटवर्धनांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. 'कोकण गांधी' म्हणून ओळखला जाणारा हा माणूस १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होता. भंगीकाम मी करतो, मला करू द्या, असा त्यांचा हट्ट. तुरुंगाने नाकारलं, तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला. त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरात गांधीजींनीही येरवड्यात उपोषण सुरू केलं. पुढे १९४८ मध्ये अप्पासाहेबांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला. मेलेल्या जनावरांचं कातडं काढण्यापासून मैल्याचं सोनखत करण्यापर्यंत सगळी 'हलकी' कामं त्यांनी तिथे हाताने केली आणि इतरांना शिकवली. 'गोपुरी संडास' त्यांच्याच प्रयोगातून आला. त्यात मैला आळीपाळीने वापरायच्या खड्ड्यांत माती-पाल्याबरोबर कुजतो आणि खत होतो, कोणाला डोक्यावरून वाहून न्यावा लागत नाही. पत्रादेवीच्या नाक्यापासून कणकवली काही फार लांब नाही, तरी आपल्याकडे अप्पासाहेबांचं नाव जितकं घ्यायला हवं तितकं घेतलं जात नाही. माझ्या मते या सगळ्या फाईलमधलं सर्वांत महत्त्वाचं टिपण त्यांचं आहे. आपली घाण आपणच निस्तरायची. ती दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची नाही.

आता उरला परस नसलेल्या माणसाचा प्रश्न. त्याचं उत्तर आलं थंड देशातून, आणि गंमत म्हणजे मासे पकडण्याच्या गरीतून. अमेरिकेत गरीला लावायला गांडुळं विकण्याचा मोठा धंदा होता. १९४७ साली टॉमस बॅरेट या कॅलिफोर्नियातल्या माणसाने गांडुळांना शेतीच्या कामाला कसं जुंपावं यावर पुस्तक लिहिलं. पुढे मिशिगनमध्ये मेरी ॲपलहॉफ नावाच्या जीवशास्त्राच्या शिक्षिका होत्या. तिथला हिवाळा असा, की बाहेरचा खताचा ढीग गोठून जायचा. १९७२ साली त्यांनी गरीवाल्यांकडून तांबडी गांडुळं मागवली, पेटीत ओला कागद भरून त्यात सोडली आणि पेटी घरातच ठेवली. हिवाळाभर स्वयंपाकघरातला कचरा गांडुळांनी फस्त केला. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, त्यांचं पुस्तक निघालं आणि घरोघरच्या पेटीचं ते बायबलच झालं.

तिथे बर्फाने परस गोठवला होता. आपल्याकडे पुढे बिल्डरने तो गिळला. परिणाम एकच, पेटी घरात आली. आपल्याकडे हे शास्त्र रुजवण्यात बंगळूरच्या कृषी विद्यापीठातल्या राधा काळे आणि पुण्याचे उदय भवाळकर (धृपद गायक नव्हेत, ते दुसरे!) ही नावं आघाडीची.

गोव्यात ही गरज कधी लागली? परस आटले, सोसायट्या उभ्या राहिल्या, प्लास्टिकची पिशवी आली आणि ओलं-सुकं एकत्र बांधून 'बाहेर' टाकायची सवय लागली. शहरांच्या कचऱ्याविरुद्ध अल्मित्रा पटेल १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातून २००० सालचे घनकचऱ्याचे नियम आले, आणि त्या नियमांत गांडूळखताचा नावानिशी उल्लेख आला! सरकारी राजपत्रात गांडुळाला मिळालेला तो मान. पण राजपत्र वेगळं आणि रस्ता वेगळा. मडगावचा सोनसोडो वर्षानुवर्षं डोंगरासारखा वाढत गेला. २०१९ च्या मे महिन्यात तो पेटला तेव्हाचा धूर सासष्टीकर विसरले नसतील. २०१६ मध्ये साळगावचा प्रकल्प सुरू झाला, तिथे ओल्या कचऱ्यापासून वायू आणि खत होतं. पण कुठलाही प्रकल्प कुठल्या तरी गावातच असतो.

माझी स्वतःची पेटी सुरू झाली ती या वाक्यामुळे. कचेरीतल्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं गाव अशाच एका कचऱ्याच्या जागेला लागून. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी माशांच्या वासाबद्दल काहीतरी विनोद केला. तो हसला नाही. शांतपणे म्हणाला, "तुमचो कोयर खंय वता, खबर आसा तुका?" मला खबर नव्हती. सकाळी पिशवी दाराबाहेर ठेवायची, दुपारी ती नसते, एवढीच माझी माहिती. अप्पासाहेबांची पुस्तकं कपाटात लावून ठेवणारा मी, माझ्या घरची घाण रोज त्याच्या गावाला पाठवत होतो.

घरात आईचा वेगळाच त्रास होता. बाबा गेल्यावर ती गावचं घर बंद करून आमच्याकडे आली. उरलेला भात प्लास्टिकच्या पिशवीत बांधायला तिचा हात धजेना. सवयीने ती केळीची सालं गॅलरीतून खालच्या झाडाच्या बुंध्याकडे भिरकावायची आणि खालच्या मजल्यावरून तक्रार यायची. "ह्या घराक परसूच ना," असं ती पुटपुटायची. पण पेटीची कल्पना ऐकून तिनेच कपाळाला हात लावला. "घरांत किडे पोसतलो?"

पहिला प्रयत्न फसला, आणि तो माझ्या अडाणीपणाने. गावी जाऊन लहानपणासारखी आळ्यातली गांडुळं उकरून आणली, कुंडीत घातली, वर सालं टाकली. चार दिवसांत निम्मी पळाली, बाकीची मेली. वास असा सुटला की आईला बोलायलाही लागलं नाही. नंतर वाचून कळलं, की गांडूळ म्हणजे सगळी एकच नव्हेत. काही खोल बिळात राहतात, काही मातीतच माती खाऊन जगतात, आणि काही फक्त वरच्या कुजत्या पाल्यात. पेटीत ही तिसऱ्या जातीचीच जगतात: युरोपातलं आयसेनिया फेटिडा, पश्चिम आफ्रिकेतलं युड्रिलस युजेनी आणि आपल्याकडचं पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. मी आणलेली मातीतली होती. त्यांना मी जणू फ्लॅटमध्ये आणून कोंडलं होतं.

दुसऱ्या खेपेला एका कुळागरवाल्याकडून पालापाचोळ्यातली गांडुळं शेणासकट आणली. टोमॅटोचं क्रेट घेतलं, आतून बारीक जाळी लावली. तळाला नारळाची सोडणं, त्यावर सुका पाला आणि फाडलेलं वर्तमानपत्र, त्यावर जुनं, थंड झालेलं शेण, मग गांडुळं, आणि वर ओलं गोणपाट. ताजं शेण चालत नाही, तापतं. ओल किती? मूठभर माल पिळला तर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये. मुंग्या चढू नयेत म्हणून क्रेट चार विटांवर आणि प्रत्येक वीट पाण्याच्या ताटलीत. पहिला आठवडा काहीही घालायचं नाही. मग भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा, अंड्याची चुरलेली टरफलं, थोडं थोडं, आणि दर वेळी वर सुका पाला. लिंबाची सालं, तेलकट, तिखट आमटी, मासे, हाडं वर्ज्य. दोन महिन्यांनी तळाला काळं खत दिसलं. काढताना उजेडात छोटा ढीग घालायचा. गांडुळांना उजेड सोसत नाही, ती खाली जातात, आपण वरचं वरचं खत अलगद उचलायचं.

खताला वास येतो तो पहिल्या पावसाच्या मातीचा. आईने ते मुठीत घेऊन नाकाशी नेलं आणि काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सालं बारीक चिरून क्रेटमध्ये घालायचं काम तिने माझ्याकडून काढून घेतलं. आता तिची एक तुळस, दोन मिरच्या आणि अबोली गॅलरीत आहे. पावसाचे शिंतोडे येऊ लागले की रात्री उठून गोणपाट सारखं करते, पूर्वी गोठ्यात जायची तशी.

माझ्या पेटीने गोव्याचा प्रश्न सुटलेला नाही. माशांची खवलं आणि उरलेली आमटी अजून पालिकेच्या गाडीतच जाते. पण पूर्वी रोज जाणारी ओली पिशवी आता आठवड्यातून दोनदाच जाते, तीही छोटी. माझ्या सहकाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरें जालें," आणि फायलीत डोकं घातलं. शाबासकी त्याने दिली नाही, आणि द्यायचं कारणही नव्हतं. चवथीच्या सुट्टीआधी मात्र त्याने आइस्क्रीमचा रिकामा डबा टेबलावर ठेवला, झाकणाला भोकं पाडलेला. "मूठभर घाल," म्हणाला. "आवयक जाय."

मी दोन मुठी घातल्या.